शाहूपुरीतून मस्कत, ओसाका वगैरे

आमच्या भिशीत चहा झाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "आता तुझ्या हाफिसातलं सांग की." मी हे किस्से कधी मुद्दाम गोळा केले नाहीत. पण ज्यानं जन्मात विमान जवळून बघितलेलं नाही, त्याला विमानाचं तिकीट विकायचं काम वर्षानुवर्षं केलं की ते साठतातच. एक काढायला जावं तर त्याचा पदर धरून दुसरा येतो. मग पोरं जेवायची राहतात आणि भिशी लांबते.

हाफिस शाहूपुरीत, जिना चढून पहिल्या मजल्यावर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मालक इस्माईलभाई, सगळे नुसते भाईच म्हणायचे. एक टेबल, एक फोन, विमान कंपन्यांची जाडजूड वेळापत्रकं आणि गिऱ्हाइकांसाठी एक लांब लाकडी बाक. विमान उडायचं मुंबईहून, पण कुठलं आणि कधी ते ठरायचं या बाकावर.

*

मी तिथं आधी गिऱ्हाईक म्हणून गेले. लग्नाला वर्ष व्हायच्या आत आमच्या ह्यांना मस्कतला फिटरची नोकरी लागली. तिकीट भाईंनी करून दिलं. हे गेले आणि पत्र काही येईना. घरात सासूबाई देवापुढं बसलेल्या, मी दारात. शेवटी धीर करून जिना चढले.

"भाई, ह्यांचं विमान नीट उतरलं का?"

"उतरलं की, ताई."

"कशावरनं?"

"उतरलं नसतं तर पेपरात आलं असतं न्हवं?"

या उत्तरानं घरी जाईपर्यंत बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी परत गेले. मग परत. भाईंनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, दर वेळी चहा सांगितला. एक दिवस म्हणाले, "ताई, रोज येताच हाय, तर उभ्या कशाला ऱ्हाता? टायपिंग येतंय म्हणालता की. त्या खुर्चीवर बसा. पत्र आलं की सोडून जावा."

पत्र आलं. ह्यांची तब्येत चांगली होती, फक्त तिथून टपाल निघायलाच उशीर झाला होता. मी मात्र त्या खुर्चीवरून उठले ती थेट म्हातारी होऊन. भाईंचे उपकार मी कधी फेडू शकले नाही आणि त्यांनीही कधी फेडू दिले नाहीत.

ह्यांच्या कंपनीत रजा दोन वर्षांनी मिळायची. त्यामुळं दुसऱ्यांची तिकिटं करताना माझ्या डोक्यात एक आमचं तिकीटही चालू असायचं. ह्यांना कुठल्या विमानानं आणायचं, सीट केव्हा धरायची. बाकावर कुणी दुबईचं विचारलं तरी मी आधी मस्कतचं पान उघडायची.

*

उद्यमनगरातले एक फौंड्रीवाले मशीन बघायला जपानला निघाले होते. भाईंनी त्यांना वेळापत्रकातलं सगळ्यात चांगलं विमान काढून दिलं. कमीत कमी थांबे आणि लवकर पोचणारं. शेठ खूश होतील म्हणून आम्ही दोघंही बघत बसलो.

शेठ नाराज. म्हणाले, "भाई, पुण्याला यष्टीनं गेलो तरी वाटंत चार ठिकाणी खाली उतरून पाय मोकळं करतोय मी. एवढं पैसं मोजून एका दमात जायाचं? जास्ती गावं घेणारं इमान न्हाय काय?"

त्या काळी पूर्ण भाड्याच्या तिकिटावर वाटेत उतरता यायचं. चार दिवस राहून पुढचं विमान धरलं तरी जादा काही पडायचं नाही. भाईंनी दोन दिवस पुस्तकात डोकं घालून असा रस्ता काढला की बँकॉक झालं, हाँगकाँग झालं, तैपेई झालं, मग ओसाका. शेठनी पेढे आणले.

महिन्यानं परत आले तेव्हा प्रत्येक गावच्या हॉटेलातला छोटा साबण माझ्यासाठी घेऊन आले होते. भाईंनी विचारलं, "मशीन कसं काय वाटलं?"

"झकास. पण भाई, जपान लई घाईत झालं बगा. दोनच दिवस हातात ऱ्हायलंतं!"

*

हुपरीचे एक चांदीवाले होते. पैंजणांचा पिढीजात धंदा, माणूस अतिशय नेटका. सिंगापूरला भाच्याकडं निघाले. मी सांगितलं, वीस किलो सामान चालतं, वर गेलं की दंड. ते हसले. "ताई, वजनाचं आमाला शिकवू नगा."

घरी त्यांनी दुकानाचा काटा लावला. धोतरं, सदरे, भाच्यासाठी लोणचं, भडंग, एकेक वस्तू तोलून बेरीज केली. बरोबर वीस भरली. एक रुमाल जास्त होत होता तो बायकोच्या हातात परत दिला.

मुंबईला विमानतळावर काटा भलताच पुढं गेला. शेठ तापले. "काटा तपासा तुमचा." तिथला साहेब म्हणाला, काटा बरोबर आहे. शेठनी बॅग उघडून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. मागं रांग थांबली. सगळं बाहेर आलं आणि काट्यावर नुसती रिकामी बॅग उरली. जुनी, पत्र्याचे कोपरे मारलेली, चांगली दणकट.

साहेब म्हणाला, "ही धरली नव्हती का?"

चांदीच्या धंद्यात माल तोलताना डब्याचं वजन वजा करतात, त्याला बारदान म्हणतात. आयुष्यभर तेच केलेलं. शेठनी त्या साहेबाकडं अशा नजरेनं बघितलं की हा कुठला अडाणी दुकानदार. म्हणाले, "बारदान कुठं धरत्यात व्हय? ते वजा करा की!"

*

कुठलं विमान चांगलं, हा प्रश्न रोजचा. कुणाला जेवण बघायचं असायचं, कुणाला शेपटीवरचं चित्र. नेसरीहून एक म्हातारी आली, तिकडं आईला अव्वा म्हणतात, तिचं वेगळंच. लेक दोहाला निघाला होता. आधी शेजारच्या पाटलांचा मुलगा गेलेला, तो सुखरूप पोचलेला.

अव्वा म्हणाली, "पाटलाच्या पोराला ज्या डायवरनं नेलं, त्योच पायजे."

मी समजवायला लागले तर भाईंनी मला हातानं थांबवलं. "चौकशी करतो की अव्वा. उद्या या." दुसऱ्या दिवशी सांगितलं, "त्येंची ड्युटी मंगळवारची हाय." अव्वानं मंगळवारचं तिकीट घेतलं. नंतर मी विचारलं तर भाई म्हणाले, "मंगळवारचं इमान भरवशाचं हाय. आता डायवर कोण का असंना, तिच्या जीवाला निवांत वाटू दे."

पण अव्वानं लेकाबरोबर डायवरसाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. पोरगं भोळं. त्यानं विमानात खरोखरच तो हवाईसुंदरीच्या हातात दिला आणि आई काय म्हणाली ते सांगितलं. डबा आत गेला. उतरायच्या आधी धुऊनपुसून परत आला. उघडून बघतो तर आत चहाच्या साखरेच्या पुड्या, काठोकाठ भरलेल्या.

पोरानं ते पत्रात लिहिलं. अव्वा मुद्दाम नेसरीहून आम्हाला सांगायला आली. आपल्याकडं कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. तिचा चेहरा असा फुललेला होता, म्हणाली, "चांगल्या घरचा दिसतोय डायवर."

*

भाईंच्या टेबलावर वेळापत्रकाच्या शेजारी पंचांग असायचं. एका मौलवींनी एकदा त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" भाई म्हणाले, "हे बघितल्याबिगार सीट मिळत न्हाय."

खरंच होतं ते. अमावस्येला आमची हिंदू गिऱ्हाइकं निघायची नाहीत, पितृपक्षात तर बाक रिकामा. आणि ईदच्या तोंडावर मुसलमान घरातला कुणी जायला तयार नसायचा. मग भाईंनी पद्धतच पाडली. घाईच्या दिवसांत अमावस्येच्या सीटा मुसलमानांना, ईदच्या तोंडावरच्या हिंदूंना. नोकरीवर वेळेत हजर व्हायची दोघांनाही गरज. कुणाचं काही अडलं नाही, आणि ज्यांची सीट दुसऱ्याला गेली तेच पुढं त्याच्या मुलाला विमानतळावर सोडायला जाताना मी बघितलेत.

*

दोन वर्षं झाली. ह्यांची रजा एकदा पुढं गेली, मग आणखी एकदा गेली. कंपनीचं काम अडलं होतं. मग अचानक तार आली, रजा मिळाली, लगेच निघायला हवं. मी पानं उलटली. दिवाळीपर्यंत सगळं भरलेलं. मोकळी सीट होती ती पितृपक्षातली.

पंचांगवाल्या हाफिसात बसून मला ते आधी दिसायला हवं होतं. आता सासूबाईंना सांगायचं कसं? त्या पंधरवड्यात आमच्या घरी नवीन केरसुणीसुद्धा आणत नाहीत. मी भाईंना म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. भाई संध्याकाळी माझ्याबरोबर आमच्या घरी आले.

सासूबाई चुलीपुढं होत्या. भाईंनी दारातूनच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पंधरवडा आहे हेही सांगितलं. सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. फुगेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "ह्या पंधरा दिसांत पितरं येत्यात. एवढ्या लांबनं त्येस्नी येऊ देतोय, तर माझ्या जित्या लेकरानं मस्कतावनं यायला काय झालं? धरा सीट."

भाई आमच्या दारच्या पायऱ्या उतरताना डोळे पुसत होते. धुरानं, म्हणाले.

*

हे आले. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं सकाळी स्टँडवर उतरले, काळवंडलेले, केस विरळ झालेले. इतक्या दिवसांनी नवरा समोर उभा, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "खिडकीजवळची मिळाली का?"

"मिळाली," हे म्हणाले. "पर बाहेर काय बगितलं न्हाय."

रजा दिवाळीनंतर आठवड्यानं संपत होती. आखातातले सगळेच त्या सुमारास परत जायचे, त्यामुळं त्या सीटसाठी मारामार असायची. भाईंनी विमान कंपनीच्या मुंबईच्या साहेबांना फोनवर फोन करून, जुन्या ओळखी काढून, ती ह्यांच्यासाठी धरून ठेवली होती. मला भाईंचा आणि माझ्या धंद्याचा केवढा अभिमान वाटला! सगळ्यांना सांगत सुटले.

हे मात्र रोज सकाळी माझ्याबरोबर हाफिसात यायचे. सुट्टीवर आलेला माणूस गावभर हिंडेल, सोयऱ्यांकडं जाईल. हे बाकाच्या टोकाला बसून गिऱ्हाइकांचं ऐकत राहायचे. कुणाला वाटायचं हेही तिकिटालाच आलेत. "पावणं, तुमचं कुठलं इमान?" असं विचारलं की हे म्हणायचे, "ठरायचं हाय अजून." मला वाटायचं गंमत करताहेत. दुपारी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खायचे. त्या दिवसांत मला आणखी काही मागावं असं वाटत नव्हतं, आणि एकेक दिवस सरताना मी टाईपरायटर जास्तच जोरात बडवत होते.

त्या काळी परतीची सीट निघायच्या आधी पुन्हा पक्की करावी लागायची, नाहीतर ती दुसऱ्याला जायची. तो दिवस आला. मी म्हटलं, "अहो, आज मुंबईला फोन लावून पक्कं करायला हवं. नाही केलं तर सीट जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? भाईंनी किती खटपट केलीय."

"म्हणून तर त्येंच्यासमोर सांगतोय. कॅन्सल कर."

बाकावर तीन गिऱ्हाइकं होती. माझे हात टाईपरायटरवर तसेच राहिले. रडू येत होतं आणि हसूही, आणि लोकांसमोर दोन्हीचं काय करावं ते कळेना. हे खाली मान घालून बाकाच्या लाकडावर नख घासत होते.

भाईंनी फोन स्वतःकडं ओढला. अर्जंट ट्रंक कॉल लावला. लागला तेव्हा लाईन इतकी खराब की भाईंना ओरडून बोलावं लागत होतं, खालच्या मजल्यावरच्या दुकानातले लोक जिन्यात येऊन उभे राहिले. पलीकडचे साहेब चिडले होते. इतकी मागून घेतलेली सीट, ह्या दिवसांत, आणि आता नको म्हणता? रजिस्टरला कारण लिहावं लागतं. आजारी पडले का? व्हिसाचं काही झालं? काय लिहू?

भाईंनी फोनवर हात ठेवला. आमच्या दोघांकडं एकदा बघितलं. मग हात काढून मोठ्यानं ओरडले,

"लिवा, पावणं घरी पोचलं!"