चिखलबाईंचं अंगण

शिशुवर्गाच्या बाईंना सगळी वस्ती पाठीमागे ‘चिखलबाई’ म्हणायची. हे नाव कुठल्याशा आईने मोरीत चड्ड्या घासता घासता दातओठ खात ठेवलं असावं. डाग गेले, नाव काही गेलं नाही. बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “एकट्या मलाच म्हणतात, की वर्गालाही?” वर्गालाही ‘चिखलवर्ग’ म्हणतात असं कळल्यावर त्यांना बरं वाटलं.

शाळा दुमजली, करड्या रंगाची, सरकारी कपाटासारखी. पुढे फाटक, व्हरांडा, कार्यालय. मागे मात्र एक मातीचा तुकडा सुटला होता. बांधणाऱ्याचं लक्ष नसावं, नाहीतर एवढी चूक त्याने केली नसती. त्या तुकड्यात खालीच दोन फांद्या फुटलेलं एक झाड, भिंतीच्या कडेने मुंग्यांची वहिवाट आणि कायम गळणारा एक नळ होता. नळ दुरुस्त करायला शिपाईमामा पाना घेऊन निघाले की बाई त्यांना चहा पाजून परत पाठवत. त्या गळतीवर वर्गाचा ओढा, दोन धरणं आणि एक बेडूक अवलंबून होता.

रोज शाळा भरली की बाई पोरांना चपला काढायला लावून मागे नेत आणि स्वतः भिंतीपाशी उभ्या राहत, हात पाठीमागे बांधून. नवख्या माणसाला वाटे, तुरुंगाची तपासणी चाललीय. खरं म्हणजे ते हात आवरण्यासाठी बांधलेले असत. मोठ्या माणसांचे हात फार आगाऊ, मूल अडखळायच्या आत हे धावतात. बाईंचा कायदा साधा होता: जो आपला आपण चढेल त्याला उतरवायचं नाही, आणि ज्याला आपलं आपण चढता येत नाही त्याला चढवायचं नाही. पालक म्हणत, बाई पगार घेतात आणि नुसत्या उभ्या राहतात. त्या नुसतं उभं राहण्याने बाईंचे खांदे संध्याकाळी भरून येत, हे कुणाला कळायचं!

या अंगणावर पहिलं संकट आलं ते पांढरे मोजे घालून.

शाळेच्या अध्यक्षांची नात शिशुवर्गात आली. घरात तिला ‘साखर’ म्हणत आणि पाण्यात विरघळेल अशा बेताने वागवत. अध्यक्षांचं फरश्यांचं दुकान होतं. धंद्याचा चष्मा माणसाला लागतोच. न्हाव्याला साऱ्या जगाचे केस वाढलेले दिसतात, तशी अध्यक्षांना सगळी जमीन उघडी पडलेली दिसे. मोकळी माती पाहिली की ती बिचारी थंडीने कुडकुडतेय असं वाटून तिच्या अंगावर काहीतरी घालावंसं वाटे. अशा घरातली ही पोर. ती पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, खाली घाण आहे.”

“आहे ना,” बाई म्हणाल्या आणि भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

साखर पायरीवरच राहिली. दुसऱ्या दिवशीही, त्यानंतरही. बाईंनी तिला बोलावलं नाही, गोंजारलं नाही, “बघ, बाकीची कशी खेळतात” असला शहाणपणा तर मुळीच केला नाही. मग एके सकाळी एक हिरवा चमकदार किडा पायरीवरून चालत आला, साखरेच्या मोज्याला वळसा घालून खाली उतरला आणि झाडाकडे निघाला. साखर वाकून बघत राहिली. किडा लांब गेला तशी वाकणं पुरेना. तिने एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. किडा झाडाच्या सालीत शिरेपर्यंत तिच्या लक्षातच आलं नाही की आपण घाणीत उभ्या आहोत. लक्षात आलं तेव्हा तिने मोजे काढून खिशात कोंबले. बाईंचे हात मागे होते. नाहीतर त्यांनी टाळ्या वाजवून सगळा खेळ बिघडवला असता.

पावसाळा सरेपर्यंत साखर झाडाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यापर्यंत चढायला लागली. आणि एक दिवस उतरताना सटकली. गुडघा चांगला सोलवटला. तिने भोंगा पसरला. बाई शेजारी मातीत फतकल मारून बसल्या, नळाखाली गुडघा धुतला आणि विचारलं, “पाय कुठे ठेवला होतास?”

हुंदके देत साखरेने बोट दाखवलं.

“तिथे काय आहे?”

“शेवाळ.”

“मग उद्या?”

“उद्या पलीकडून,” साखर म्हणाली आणि रडणं विसरली.

रडणं तिथे संपलं आणि घरी सुरू झालं. पण तिचं नव्हे, आजोबांचं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात बाईंना बोलावणं आलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आपल्याच खुर्चीत पाहुणीसारख्या बसल्या होत्या. अध्यक्ष उभे होते.

“बाई, तिचा गुडघा पाहिलात?”

“पाहिला. मीच धुतला. साहेब, गुडघा आहे म्हणजे कधीतरी फुटणारच. आपले कितीदा फुटलेत?”

“माझी गोष्ट सोडा! मागचं सगळं अंगण फरशीने मढवून टाकायचं ठरवलंय मी. वडिलांच्या स्मरणार्थ. मधल्या फरशीवर त्यांचं नाव.”

“आणि झाड?”

“झाडाला ओटा.”

“नळ?”

“बंद.”

“आणि मुंग्यांना कोण सांगणार?”

अध्यक्षांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी पंख्याकडे पाहिलं.

“चेष्टा नकोय, बाई. पोरं पडतात.”

“फरशीवरही पडतात, साहेब. माती झेलते तरी. फरशी दात ठेवून घेते.”

“अहो बाई, जरा दमानं घ्या,” मोठ्या बाई कुजबुजल्या.

“दमानंच घेतेय. या वस्तीत पोरांनी मातीला हात लावायचा कुठे, ते सांगा. गल्लीत डांबर, इमारतींच्या आवारात गाड्या, गच्चीला कुलूप. पोराची आणि मातीची गाठ पडायला एवढीच जागा उरलीय. ती झाकलीत की संपलं. पुस्तकात गांडुळाचं चित्र रंगवायचं आणि मोठं व्हायचं.”

“मी विचारत नाहीये, सांगतोय,” अध्यक्ष म्हणाले. “आडव्या आलात तर वरच्या मजल्यावर चौथीचा वर्ग देईन. तिथून माती दिसतसुद्धा नाही.”

“द्या की. पण तोवर माझा वर्ग रोजच्या वेळेला, रोजच्या जागी असेल. फरशीवाल्यांना तेवढं सांगून ठेवा.”

बाहेर पडल्यावर बाईंनी हात पाठीमागे बांधले, नेहमीपेक्षा घट्ट. 

घरी नवरा मशीनवर बसला होता. तो शिंपी. वस्तीतल्या चड्ड्यांच्या गुडघ्यांना ठिगळं लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने सगळं ऐकलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाला, “अगं, फरशी झाली तर माझ्या धंद्याचं काय? नवरा-बायको मिळून चालवतोय आपण हे दुकान. तू फाडायचं, मी शिवायचं.”

“अहो, विनोद पुरे. खरंच वर पाठवतील मला.”

“मग जा वर. पगार तोच ना?”

“चौथीची पोरं बघितलीत तुम्ही? मातीचा शिंतोडा उडाला तर ‘ई’ म्हणतात. तिथे जाऊन मी काय करू? सगळा जन्म छोट्यांत गेला माझा.”

नवऱ्याने मशीन थांबवलं. “घाबरलीस होय! मग माफी माग आणि मोकळी हो.”

“माफी?” बाई ताडकन उठल्या. “कसली माफी? शेवाळ मी लावलं का तिथे?”

“झालं माझं काम,” म्हणत नवऱ्याने पुन्हा मशीनचं पायडल दाबलं.

अध्यक्षांनी कामाला उशीर केला नाही. पण धंद्यात मुरलेल्या या माणसाने एक अशी चूक केली की ती दुसऱ्या कुणाला सुचली नसती. फरशी घालायची तर आधी वाळू लागते. त्यांनी शनिवारी संध्याकाळी वाळूचा ट्रक मागच्या अंगणात रिकामा केला आणि सोमवारी मिस्त्रीला या म्हणून सांगितलं. पाहुणचाराचं ताट मांजरापुढे ठेवून ‘कुणी तोंड लावू नये’ म्हणण्यातला हा प्रकार.

सोमवारी मिस्त्री थापी-ओळंबा घेऊन आला तेव्हा वाळूचा ढीग दिसत नव्हता. पोरंच दिसत होती. ढिगाच्या टोकावर पोरं, पोटात पोरं. एक बोगदा या बाजूने सुरू झाला होता, एक त्या बाजूने, आणि मधे दोन हात एकमेकांना सापडले तेव्हा अशी आरोळी उठली की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. नळाचं पाणी डब्याडब्याने येत होतं, अंगणातली माती ओंजळीओंजळीने. वाळूचा किल्ला टिकत नाही, त्यात माती कालवली की टिकतो, हा शोध साखरेने लावला होता आणि त्याची अंमलबजावणी अख्खा वर्ग करत होता.

“बाई, उतरवा यांना,” मिस्त्री म्हणाला.

“मी कुणाला उतरवत नाही, दादा. तुम्ही बघा प्रयत्न करून.”

मिस्त्रीने बघितला. एकाला उचलून खाली ठेवलं की मागून दोघं वर. शेवटी तो पायरीवर बसला आणि त्याने दुकानात निरोप धाडला.

अध्यक्ष आले ते तांबडेलाल होऊन. “बाई! काय चाललंय हे?”

“वर्ग चाललाय.”

“ही बांधकामाची वाळू आहे!”

“बांधकामच करतायत ती.”

“साखर! खाली ये आधी!”

साखर टोकावर होती. केसांत वाळू, नाकावर चिखल, गुडघ्यावर जुनी खपली. “आले, आजोबा,” म्हणत ती घसरत निघाली, अर्ध्यात कोलांटी खाल्ली आणि त्यांच्या चकचकीत बुटांपाशी येऊन आपटली. खपली निघाली. अध्यक्षांचे हात पुढे झाले. तोवर साखर उठलीसुद्धा. तिने गुडघ्याकडे पाहिलं, जिभेने बोट ओलं करून रक्त पुसलं आणि पुन्हा वर चढायला लागली. अध्यक्षांचे हात तसेच हवेत राहिले. त्यांना ते कुठे ठेवावेत कळेना.

तेवढ्यात मिस्त्रीने मूठभर वाळू चोळून पाहिली आणि मान हलवली. “साहेब, सगळी माती मिसळलीय हो. यात माल धरायचा नाही. फरशी घातली तर चार दिवसांत डगडग करेल.”

हे अध्यक्षांना सांगायची गरज नव्हती. आयुष्यात सगळं केलं असेल, पण डगडगणारी फरशी त्यांनी कुणाच्या घरी घातली नव्हती. आणि इथे तर बापाचं नाव होतं. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

“ठीक आहे,” ते बाईंकडे न बघता म्हणाले. “दुसरी वाळू पाठवतो.”

“जरूर पाठवा, साहेब. पण इथेच ओता हं. एवढी पुरत नाहीये पोरांना.”

मिस्त्रीने हसू लपवायला पाठ फिरवली.  अध्यक्ष तरातरा कार्यालयात गेले आणि तिथे मोठ्या बाईंना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, चटकन काहीतरी सुचलं. “साहेब, मागे कोण येतंय वाचायला? वडिलांचं नाव पुढच्या व्हरांड्यात शोभेल. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत.” अध्यक्षांनी दोन दिवस विचार केल्यासारखं केलं. फरशी व्हरांड्यात लागली. फार छान लागली, कुठेही डगडगत नाही. अंगण राहिलं.

पण अध्यक्ष शब्दाचे पक्के होते, आणि मिस्त्रीदेखत झालेला पाणउतारा त्यांना पचला नव्हता. नव्या सत्रात शिशुवर्गाला एक तरुण बाई आल्या आणि चिखलबाईंची रवानगी वर, चौथीत झाली.

पहिल्या दिवशी बाई वर गेल्या. पोरं ताठ बसली होती. पट्टीने आखून बसवल्यासारखी. पुस्तकात पहिलाच धडा मातीच्या प्रकारांचा. एका मुलीने तो न अडखळता वाचून दाखवला.

“छान,” बाई म्हणाल्या. “यातली आपल्या शाळेची कुठली?”

 मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, ते धड्यात नाहीये.”

बाईंनी खडू ठेवला. “चपला इथेच काढा.”

“सगळ्यांनी?”

“पायाने चालणाऱ्या सगळ्यांनी.”

जिन्यात ही धावपळ झाली. खाली तरुण बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या, कारण त्यांच्या छोट्यांच्या धरणावर हे लांबलचक पायांचं सैन्य चालून आलं होतं. आधी ‘ई’ झालं, बरंच झालं. एक मुलगा तर एका पायावर उभा राहिला, दुसरा टेकवायला जागा शोधत. मग ओढ्याचं पाणी कुठे वळवायचं यावरून छोट्यांशी भांडण जुंपलं आणि भांडायला दोन्ही पाय लागतात.

कार्यालयाची मागची खिडकी उघडली. मोठ्या बाईंचं डोकं बाहेर आलं.

“अहो बाई! हा तास कसला चाललाय?”

“विज्ञान!”

“मग घंटा झाल्यावर वर जाणार ना?”

“नाही. त्यानंतर गणित आहे,” बाई भिंतीपासून ओरडल्या. “तेही इथेच!”