जुळ्यातली कालवड

बहिणीचं लग्न दुष्काळाच्या आदल्या वर्षी झालं. आमच्यात लेकीला आंदण म्हणून गाय देतात. माझ्या गोठ्यात दोन वर्षांची तांबडी कालवड होती, गोऱ्ह्याबरोबर जुळी झालेली. तीच द्यायचं मी ठरवलं.

राहुरीहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरनं तिला तपासलं नि म्हणाला, "ही देऊ नका. ही गाभण राहणार नाही."

"का? काय रोग हाय तिला?"

"रोग नाही हो. पोटात असतानाच दोघांची वार जोडली गेली, रक्तात रक्त मिसळलं. ज्यातून रक्त तयार होतं, ते गोऱ्ह्याचं बीज हिच्यात रुजलं. हिच्या अंगानं ते आपलंच मानलं, परकं म्हणून हुसकलं नाही. उद्या गोऱ्ह्याच्या कातडीचा तुकडा हिच्या पाठीवर शिवला तरी धरेल. पण त्याच रक्तातून नराचा गुण आला, नि हिची गर्भपिशवी वाढलीच नाही."

"सायेब, कातडी काय गोधडीचं ठिगळ हाय व्हय?" मी म्हणालो. गोठ्यातली चार माणसं हसली. मग मागं कसं सरायचं? शिंगांना बेगड लावून कालवड मांडवात मिरवली.

दोन वर्षं झाली, ती माजावर आलीच नाही. दुष्काळात कडब्याची काडी मिळेना, नि ही बसून खाणार. बहिणीलाही अजून दिवस गेले नव्हते. तिची सासू गावभर सांगायची, "भावानं दोन दिल्या, दोन्ही भाकड."

शेवटी बदली गाभण गाय घेऊन मी नेवाशाकडं तिच्या सासरी गेलो. अंगणात बहीण हळूच म्हणाली, "दादा, डॉक्टर बोलला तवा मी चुलीपाशीच हुते. गाय नको बदलूस. आत्याबाईंस्नी एवढंच सांग, तुला आधी ठावं हुतं. माझ्या पायगुणानं झालं म्हणत्यात."

तेवढ्यात सासू बाहेर आली. "या पाव्हनं. ही तरी वासरू दील का, का हीबी नुस्ती मिरवायला?"

मी तोंड उघडलं, नि निघालं भलतंच. "कालवड चांगली हुती. हिकडं निगा राहिली नसंल."

निगा बहीणच राखत होती.

तिनं कालवडीचं दावं सोडून माझ्या हातात दिलं.

पुढं तिला पोरं झाली, टोमणे थांबले. सासू गेली, तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच. बहीण सणावाराला येते, जेवते, हसतेही. पण त्या दिवसापासून ती मला 'तुमी' म्हणते. का, ते मी कधी विचारलं नाही.