झुंबरबाईची सुकडी

चारठाण्याहून जिंतूरकडे येताना आत वळणाऱ्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे झुंबरबाई इतकी वर्षे खिचडी शिजवत होती की तिच्या हातचे खाऊन गेलेल्यांची मुले आता तिच्यापुढे ताट धरीत. तिच्या घरचे रान खडकाळ. पोटापुरते पिकले तरी नशीब. मुलगा मुंजाजी आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. नात ऋतिका तिसरीत होती आणि आजीपाशी राहत होती. गावच्या मानपानात झुंबरबाईला कोणी धरत नसे. पण दुपारची घंटा झाली की सरपंचाचा नातू आणि सालगड्याचे पोर एकाच रांगेत उभे राहत आणि कुणाच्या ताटात किती पडायचे ते तिची पळी ठरवी. दिवसातला तेवढा वेळ ती गावातली मोठी बाई असे.

राजेश्रीला शाळेत आणले तेही तिनेच. राजेश्री तिच्या दिराची सून. नवरा बालाजी उसाला निघाला तेव्हा त्याच्या मागे मोळ्या बांधायला तिलाही जावे लागणार होते. झुंबरबाईने मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला, "बारावी झालेली पोर हाय सर. तिनं फडात कामून जावं?" राजेश्री मदतनीस म्हणून लागली. ती कांदे चिरी, भांडी घाशी, झुंबरबाईला आत्याबाई म्हणे आणि विचारल्याशिवाय चुलीला हात लावत नसे. दोघींचे उत्तम चालले होते. उपकार करणाऱ्याची एक न बोललेली अट असते: ज्याला हात दिला त्याने एक पायरी खालीच राहावे. ही अट मोडेपर्यंत तिचे अस्तित्व कुणालाच कळत नाही, करणाऱ्यालाही नाही.

मागच्या वर्षी पिठे आणि बिस्किटे बनवणाऱ्या एका कंपनीने जिल्ह्यातल्या काही शाळांच्या आहाराला हातभार लावायचे ठरवले. शासनाचा तांदूळ होता तसाच राहणार होता. कंपनी गॅसच्या शेगड्या देणार होती, स्टीलची भांडी देणार होती, खिचडीत घालायला ताजी भाजी पोहोचवणार होती. शिवाय ज्वारी, सोयाबीन, शेंगदाणे आणि गूळ यांचे भाजून दळलेले एक पीठ येणार होते. गरम पाण्यात ढवळून सकाळी मुलांना द्यायचे. ज्वारी मानवतच्या बाजारातून घेतलेली, म्हणजे इथलीच. प्रत्येक शाळेतली एक बाई सेलूला शिकायला न्यायची होती आणि परतल्यावर स्वयंपाकघराची जबाबदारी तिच्याकडे द्यायची होती.

एक बाई म्हटल्यावर कोण जाणार याविषयी झुंबरबाईच्या मनात शंकाच नव्हती. जीप यायच्या दिवशी ती ठेवणीतले लुगडे नेसून, पिशवी भरून शाळेच्या दारात उभी राहिली. मुख्याध्यापक बाहेर आले, तिच्या पिशवीकडे पाहून घुटमळले.

"झुंबरबाई, अहो, तिथं मोबाईलवर वाचून मापं घ्यायची आहेत," ते म्हणाले. "म्हणून राजेश्रीचं नाव कळवलं. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

"आसू द्या की सर," ती म्हणाली. "मी तिला वाटं लावायलाच आले हुते."

आणि ती भरलेली पिशवी हातात घेऊन, जीप वळणाआड जाईपर्यंत, हसऱ्या चेहऱ्याने उभी राहिली.

राजेश्री परतली ती पांढरी टोपी आणि ॲप्रन घेऊनच. झुंबरबाई म्हणाली, "दवाखान्यातली नर्स दिसायलीस. सुई टोचतीस का पोरांना?" राजेश्री हसली. तिने टोमणा कळूनही न कळल्यासारखे केले की तिला खरोखरच कळला नाही, हे ठरवता येईना आणि झुंबरबाईला याचाच अधिक राग आला.

राजेश्रीच्या हातचे वाईट झाले असते तर सारे सोपे होते. पण ते चांगले होते. झुंबरबाईच्या वेळी मुले खिचडी अर्धी खात आणि उरलेली शाळेमागच्या कुत्र्यांना घालत. पोरांना माज आलाय, असे ती म्हणे. आता खिचडीत गाजर, मेथी, वाटाणा पडू लागला आणि मुले ताट बोटाने निपटू लागली. कुत्री दोन-चार दिवस वाट पाहून निघून गेली. सरपंचाचा नातू दुसऱ्यांदा रांगेत आला तेव्हा झुंबरबाई कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिने पाहिले आणि मान खाली घातली. आपल्या रांगेत कुणी दुसऱ्यांदा आल्याचे तिला आठवेना.

मत्सर राजवाड्याचा होत नाही. शेजारच्या चुलीचा होतो, आपणच विस्तव दिलेल्या चुलीचा तर फारच. कंपनीच्या मालकाविषयी झुंबरबाईच्या मनात काही नव्हते. मुख्याध्यापकांवरचा रागही दोन दिवसांत विरला. राजेश्रीचे मात्र सगळे खुपू लागले. तिचे शेगडी पेटवणे, मोबाईलकडे पाहून मीठ मोजणे, 'आत्याबाई, तुमी बसा, मी करते' म्हणणे. हे शेवटचे सर्वांत जास्त.

अशातच एका सकाळी ती गिरणीवर गेली. वीज गेली होती. बाया डबे रांगेत लावून उन्हाला बसल्या होत्या. बायनाबाई त्यांच्यात सर्वांत वयस्कर. बहात्तरच्या दुष्काळात, पोरवयात, आईबापाबरोबर तिने पाझर तलावाच्या कामावर खडी वाहिली होती.

"काय गं झुंबर," बायनाबाईने विचारले, "शाळंत काय नवं आलंय म्हणं? पोरगं सांगायलंय, भुरं भुरं, गोड गोड."

झुंबरबाईने डब्याचे झाकण घट्ट केले. "काय येतंय माय. सुकडी आलीया."

शब्द सहज आला असे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितले. पण तो सहज नव्हता. गावात त्या शब्दाला काय वजन आहे हे तिला ठाऊक होते. दुष्काळाच्या कामांवर मजुरांना जे गोड पीठ मिळे ती सुकडी. त्या पिढीला ती जगवून गेली आणि त्या पिढीने तिला कधी क्षमा केली नाही. जे पदर पसरून घ्यावे लागते ते कितीही पौष्टिक असले तरी त्याच्या चवीत लाचारी उतरते.

बायनाबाईचा चेहरा उतरला. "सुकडी?" ती म्हणाली. "पदरात घेतली तवा माझा बाप तोंड फिरवून बसला हुता. बाप्या माणूस रडायलाय म्हणून आमी बगितलं न्हाई." मग पदर सावरत, "आपल्या लेकरांवर काय वंगाळ दिस आला गं असा?"

झुंबरबाईने आपला डबा रांगेत पुढे सरकवला. वीज आली, गिरणी सुरू झाली आणि पिठाबरोबर तो शब्द घरोघर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्रीने पातेले भरून ठेवले आणि ताटे रिकामीच राहिली. एक मुलगा म्हणाला, "आज्जी म्हणली, आपुन काय भिकारी हाव का?" दोन दिवसांनी खिचडीही सुटली, कारण कंपनीची भाजी तिच्यातही होती. ज्यांच्या घरी आया होत्या त्यांनी भाकरीचे डबे आणले. ज्यांच्या आया उसाला गेल्या होत्या ती मुले भिंतीला टेकून बसली आणि इतरांचे डबे पाहत राहिली. त्यांच्यात ऋतिका होती. झुंबरबाई तिला पहाटे भाकरी करून देई, पण ती भाकरी शाळेच्या वाटेवरच संपे.

मुख्याध्यापक स्वयंपाकघरात आले. "सोमवारी कंपनीच्या मॅडम बघायला येणार आहेत. मुलं खात नसतील तर हे सगळं दुसऱ्या शाळेला जाईल. मग आपल्याकडे पुन्हा पहिल्यासारखं."

पहिल्यासारखं. झुंबरबाईने ते शब्द खडीसाखरेसारखे तोंडात धरून ठेवले. पहिल्यासारखी चूल, पहिल्यासारखी पळी, कोपऱ्यात कांदे चिरणारी राजेश्री. काहीच करायचे नव्हते. सोमवारपर्यंत फक्त गप्प राहायचे होते आणि गप्प राहणे हे कुठल्याही पापात धरत नाहीत, अशी तिने मनाची समजूत घातली.

शुक्रवारी ती पाणी आणायला मागच्या दारी गेली आणि थबकली. दाराआड राजेश्री उकिडवी बसली होती. पुढे ऋतिका. वाटीतले गरम पीठ राजेश्री तिला चमच्याने भरवत होती आणि पोर तोंड न मिटता घास मागत होती.

"काकी, आजीला सांगू नको," ऋतिका म्हणाली.

झुंबरबाईने आयुष्यात दुःख पाहिले होते, पण हे निराळेच होते. गावची पोरे गेली तर गेली. हे तिचे रक्त होते. ते दुसरीच्या हातचे खात होते, चवीने खात होते आणि तिच्यापासून लपवत होते. तिने पुढे होऊन नातीचा दंड धरला. वाटी लवंडली.

"कुणी सांगितलं हुतं खायला?"

"आजी, लय भूक लागली हुती," ऋतिका म्हणाली आणि रडूही आले नाही तिला, इतकी ती घाबरली होती.

राजेश्री उठली. आवाज न चढवता म्हणाली, "आत्याबाई, माझ्यावर राग हाय तर माझ्यावर काढा. मारा मला. पोरांच्या ताटावर कामून काढायलाव?"

"मी काय केलं?"

"गिरणीवर मीबी उभी हुते, भिंतीपल्याड. दळण घेऊन."

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होते. तरी तिने मुख्याध्यापकांना सांगितले नाही, घरात सांगितले नाही. रोज सकाळी आत्याबाई म्हणून तिच्या हातात चहा देत राहिली. झुंबरबाईला वाटले, हिने माझे नाव घेतले असते तर बरे झाले असते. माणूस चांगुलपणाचाही हेवा करू शकतो हे तिला त्या दारात कळले. लवंडलेल्या पिठाकडे ऋतिका अजून पाहत होती.

त्या संध्याकाळी ती बायनाबाईच्या ओसरीवर गेली. बायनाबाई ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होती. झुंबरबाई बसली, चार शेंगा सोलल्या आणि म्हणाली, "ती सुकडी न्हाई."

"तूच म्हणलीस की."

"म्हणले."

"मग आता कामून फिरायलीस? सरांनी दम दिला का?"

"न्हाई." झुंबरबाईने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "जळून म्हणले मी. राजेश्रीचं बगवंना, म्हणून म्हणले."

बायनाबाईने सूप बाजूला सारले. मग तिचे खांदे हलू लागले. "म्हंजी सुकडी न्हाई, जळकुकडी हाय म्हण की," ती म्हणाली आणि ठसका लागेपर्यंत हसली. ठसका थांबल्यावर डोळे पुसत म्हणाली, "मेले, चार दिस झाले मला माझा बाप दिसायलाय. काय करून ठेवलंस गं."

"तुमी गावात सांगा, ती सुकडी न्हाई म्हणून."

"निस्तं तसं सांगून कोण ऐकंल? म्हणतील, म्हातारीला कंपनीनं बिस्किटं दिली. झुंबरनं कामून म्हणलं ते सांगावं लागंल. सांगू का?"

ओसरीसमोरून माणसे जात होती. उद्या यांतला प्रत्येक जण आपल्याकडे कसा पाहील हे झुंबरबाईला स्वच्छ दिसले. तिच्यापाशी जपण्यासारखे फार काही कधीच नव्हते. जे थोडे होते ते हेच: झुंबरबाई सरळ बाई आहे, असे लोक म्हणत.

"सांगा," ती म्हणाली.

शनिवारी, घरोघर खरे काय ते सांगून, बायनाबाई स्वतः शाळेत आली, मुलांच्या रांगेत मांडी घालून बसली आणि राजेश्रीकडून वाटीभर घेऊन खाल्ले. "ह्यो बिस्किटाचा वास हाय," तिने जाहीर केले. "सुकडीला खवट वास यायचा. खावा रे. ही दुष्काळाची न्हाई. झुंबरीची सुकडी हाय ही." मुले खिदळली आणि ताटे पुढे झाली. गावाला हसायला मिळाले की गाव पुष्कळ काही विसरते. पण ज्याच्यावर हसते त्याला मात्र विसरत नाही. त्या दिवसापासून पिठाचे नाव झुंबरबाईची सुकडी पडले आणि झुंबरबाईचे जळकुकडी.

"आजी, जळकुकडी म्हंजी काय?" ऋतिकाने घरी विचारले.

"कोंबडीची जात हाय एक," झुंबरबाई म्हणाली. "झोप आता."

सोमवारी कंपनीच्या प्रियांका मॅडम आल्या. मुले खाताना त्यांनी पाहिली, राजेश्रीबरोबर फोटो काढला आणि पुढच्या वर्षीही मदत चालू राहील असे सांगून गेल्या. फोटोच्या वेळी झुंबरबाई भांडी घासत होती. कुणीतरी तिला हाक मारली. पाण्याच्या आवाजात ऐकू आली नाही असे तिने दाखवले. मन निवळले असेल, असे तिलाही वाटले होते. निवळले नव्हते. जे केले ते निस्तरले होते, इतकेच. जे वाटत होते ते जागच्या जागी होते.

सगळे आवरल्यावर दोघी मोठे पातेले दोन्हीकडून धरून नळाखाली घासत होत्या. राजेश्री म्हणाली, "आत्याबाई, मॅडमला मी तुमचं नाव सांगितलंय. पुढच्या खेपंला सेलूला तुमाला न्यायची म्हणल्या. मापं चित्रातबी दावतात. जाताव ना?"

झुंबरबाईचा हात थांबला. मुख्याध्यापकांकडे शब्द टाकणारी एके काळी ती होती. आता तिच्यासाठी कुणीतरी शब्द टाकला होता आणि घ्यायचा की नाही एवढेच तिच्या हाती उरले होते.

"जाईन," पुन्हा पातेले घासू लागत ती म्हणाली. "पण तुझ्या सांगण्यावरून गेले, असं कुणाला बोलू नको."

"न्हाई बोलत," राजेश्री म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की झुंबरबाईला तेही सोसले नाही.