आमचा कचरा, लेकीची विहीर

शिंपलेवाली मावशी म्हणजे दुधाने तोंड न पोळताही ताक फुंकून पिणारी बाई. ओहोटीला चिखलात बसून शिंपले काढायचे आणि काठावरच्या जुन्या कचऱ्याच्या डोंगरावर नजर ठेवायची, यात तिचा जन्म गेला. लाटांनी डोंगराचा पायथा पोखरला होता. टोपलीत शिंपल्यांबरोबर वायरी आणि औषधाच्या बाटल्याही यायच्या. कचरा हलवा म्हणून कचेरीच्या पायऱ्या तिनेच झिजवल्या होत्या.

वाटा दोनच होत्या. दगडी भिंत घालून कचरा आहे तिथेच कोंडायचा, पण मग ती भिंत शिंपल्यांच्या चिखलावरच येणार. नाहीतर सगळा उपसून दुसरीकडे न्यायचा. कचेरीने उपसायचं ठरवलं. वस्ती खूश झाली. मावशीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. हे भिजलेलं घोंगडं आता कुणाच्या गळ्यात पडणार?

तिचा दीर याच कामावर ट्रक चालवत होता. जेवताना तिने विषय काढला, तर तो समोर असलेला पेला शोधू लागला. कचेरीतल्या इंजिनिअरला विचारलं, तर तो म्हणाला, सुरक्षित जागी. पण परतलेल्या ट्रकच्या चाकांना तांबडी माती होती, लेकीच्या सासरी असते तशी. दुसऱ्या दिवशी मावशी सरळ ट्रकमध्ये चढून बसली.

"वहिनी, उतरा. साहेब मला घरी बसवतील."

"बसवू देत. तू गाडी हाक."

लेकीच्या गावामागे जुनी दगडखाण होती. ट्रक तिथे रिकामा झाला. खाली प्लास्टिकचं जाड अस्तर आहे, पाणी झिरपत नाही, असं दिराने सांगितलं. किती वर्षं, ते त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. खाणीच्या उताराला लेकीची विहीर होती.

लेक भांडली नाही. चहाचं आधण ठेवत म्हणाली, "तुझा किनारा स्वच्छ होतोय ना, आई? मग झालं तर."

कचेरीच्या बैठकीत मावशीला आभार मानायला उभं केलं. तिने सांगितलं, उपसणं थांबवा, भिंत घाला. इंजिनिअरने शांतपणे समजावलं की तिचा चिखल कायमचा जाईल, आणि भिंतही काही अमर नसते.

"भिंत फुटली तर आम्हाला दिसेल," मावशी म्हणाली. "अस्तर फाटलेलं कोण बघणार?"

उपसणं तूर्त थांबलं. मावशी खाली बसली तेव्हा शेजारीण जरा सरकून बसली. मागून कुणीतरी कुजबुजलं, भिंतीच्या कंत्राटदाराने हिच्या पदरात काय टाकलं असेल?

मावशीने वळून पाहिलं नाही. त्यांच्या जागी असती, तर तिनेही हेच विचारलं असतं.