न्हाणीपासून केळीपर्यंत

आतेभाऊ दिनूचा फोन आला. "तू ये अन् आईले समजाव. तुझं ऐकते ते." आत्याने माझं कधी काही ऐकल्याचं मला आठवत नाही. पण नागपूरच्या आमच्या सोसायटीत मी पाणी समितीचा सचिव आहे, तेवढ्यावर त्याने मला तज्ज्ञ ठरवलं. सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र आम्ही 'पाणी भरपूर आहे' म्हणून कधीच बंद केलंय, हे मी त्याला सांगितलं नाही.

आत्याच्या गावी जाणाऱ्यांसाठी: एसटीने यवतमाळ, स्टँडबाहेर तर्री-पोहे, मग बाभुळगावची एसटी. पुढे जीप, माणशी वीस रुपये. दहा जणांची जीप अठरा झाले की सुटते. शेवटचा सगळा रस्ता भरलेला कालवा सोबत असतो.

दिनूला अंगणात सिमेंटचे गट्टू बसवायचे होते. त्यासाठी न्हाणीतून परसातल्या केळीकडे जाणारी मातीची नाली बुजवून पाणी गटारात सोडायचं. मिस्त्री सकाळी येणार होता आणि आत्या अडून बसली होती.

"नळ हाये, बोअर हाये, कालवा हाये. आता कायले आंघोळीचं पाणी जपून राह्यली?" दिनू म्हणाला.

"भात लय झाला त तू नालीत टाकतं का?" आत्या माझ्याकडे वळली. "अन् तू काहून आला? याची वकिली कराले?"

मी चहा पीत राहिलो. तज्ज्ञाने असंच वागायचं असतं.

सकाळी न्हाणीतल्या त्याच गुळगुळीत दगडावर बसलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि दिनू इथे आंघोळीला बसलो की नालीत कडुनिंबाचं एकेक पान सोडायचो. ज्याचं पान आधी केळीला पोचेल, तो जिंकला. पान अडलं की आणखी एक तांब्या. विहिरीवरून पाणी आणणारी आत्या तेव्हा आमच्या पाठीत धपाटे घालायची.

कडुनिंबाचं एक पान आणून सोडलं, तांब्या ओतला आणि टॉवेल गुंडाळून त्याच्या मागे निघालो. दिनू मिस्त्रीला मापं दाखवत होता. त्याने पान पाहिलं. कडुनिंबाची डहाळी ओढली, आपलं पान सोडलं आणि म्हणाला, "टाक अजून पाणी."

दोन टकले पुरुष नालीकाठी उकिडवे बसलेले मिस्त्रीने बहुधा पहिल्यांदाच पाहिले. दिनूचं पान आधी पोचलं. लहानपणीही तो बोटाने ढकलायचाच.

"मिस्त्री," तो उठत म्हणाला, "नाली सोडून दोन्हीकडून लावा."

"मंग अंगण वाकडं दिसन ना भाऊ."

"दिसू दे," स्वयंपाकघरातून आत्या.

येताना तिने केळ्यांची फणी दिली. "गोड आहेत," बायको म्हणाली. यात माझ्या लहानपणच्या आंघोळी आहेत, असं मी सांगितल्यावर तिने उरलेलं अर्धं केळं खाली ठेवलं. ते मी खाल्लं.

आता रोज सातव्या मजल्यावर आंघोळ करताना पायाखालच्या जाळीकडे लक्ष जातं. पाणी गोल फिरतं आणि जातं. कुठे, ते पाणी समितीच्या सचिवालाही माहीत नाही.