दर तीन वर्षांनी

फुनाबोरीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक जपानी आजोबा एकटेच राहतात. कचऱ्याच्या दिवशी ते बाटल्यांची झाकणं वेगळी काढतात, लेबलं सोलतात आणि माझ्या पिशवीकडे बघून हळूच मान हलवतात. चार वर्षांत आमची ओळख एवढीच.

त्यांच्याकडे बंदूक आहे हे मला कळलं ते थेट पोलीस दारात आल्यावर. इथे बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण करायचं तर पोलीस आधी शेजाऱ्यांकडे चौकशी करतात. माणूस कसा आहे, भांडतो का, पितो का. मी ठोकून दिलं, "फार चांगले आहेत. रोज बोलतो आम्ही."

एवढं बोलून बसल्यावर खरंच बोलणं भाग होतं. पुढच्या कचऱ्याच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "अजून शिकारीला जाता?"

"नाही. मित्राच्या संत्र्यांच्या बागेत रानडुकरं मारायचो. मित्र गेला. त्याच्या मुलाला बागेत बंदूक नको आहे."

"मग परवाना कशाला ठेवलाय?"

त्यांनी हातातल्या बाटलीचं लेबल पूर्ण सोललं. "दर तीन वर्षांनी पोलीस दारोदार जाऊन विचारतात, मी कसा आहे म्हणून. बंदूक परत केली तर कोण विचारणार?"

परवाना मिळाला. हल्ली पिशवी ठेवता ठेवता मीच विचारते, "कसे आहात?"

ते घड्याळात बघितल्यासारखं करतात. "तीन वर्षं कुठे झाली अजून?"