क्लोतेरचा ठसा

क्लोतेर व्हियालतोंच्या दुकानात शिरलं की "या, बसा" नाही, आधी सवाल, "कशाला हवंय?"

जुन्या फ्रेंच चकमकीच्या बंदुकांचे सुटे भाग तो नव्याने घडवायचा. घोडा, कमान, आणि गारगोटी ज्यावर आपटून ठिणगी पडते ते पोलादी झाकण. सेंत-एतिएनमध्ये हे काम येणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. गिऱ्हाईक म्हणजे जुन्या लढायांचे खेळ करणारे हौशी. त्यांतला कुणी नवा भाग गंजवून जुना म्हणून विकेल, ही धास्ती क्लोतेरच्या डोक्यातून कधी गेली नाही. बंदूक बरोबर आणल्याशिवाय तो भाग देत नसे, आणि मनासारख्या उतरलेल्या प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला स्वतःचा ठसा मारी.

मग ते भाग शेजारी माझ्या भट्टीत येत. पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून बुडवून टणक करायचं काम माझं, माझ्याआधी माझ्या बापाचं. माल परत नेताना तो एकेक भाग उलटून ठसा बघायचा. मी म्हणायचे, "चाटूनही बघा, गोड लागेल." तो हसायचा नाही.

गेल्या शरदात एक डॉक्टर बंदूक घेऊन आला. "दोनशे वर्षांची आहे, लिलावात घेतली. फक्त ठिणगी पडत नाही हो." क्लोतेरने झाकण सोडवून उलटं केलं. खालच्या टोकाचा वळसा त्याच्याच हातचा होता. ठसा मात्र नव्हता.

ठिणगी का पडत नाही हे बघायचं सोडून तो तडक माझ्या दारात. मागोमाग डॉक्टर. समोर पाववाल्याकडे रांग लागलेली.

"नोएमी, ठसा कुणी घासला?"

"मला काय विचारता?"

"माझ्या हातून सुटलेला माल आधी तुझ्याच हातात जातो."

"आणि नंतर गिऱ्हाइकांच्या. ते काय देवदूत?"

"त्यांची एकेक बंदूक मला ठाऊक आहे. तू माझ्या पाठीमागे काय करतेस, ते देव जाणे."

रांगेतल्या बायका माना वळवून ऐकत होत्या. आमच्या धंद्यात एकदा नाव गेलं की कुणी खिळासुद्धा पाण्याला देत नाही. संतापाने मी ते झाकण हिसकावलं, पकडीत आवळलं आणि कानस ओढली. कानस करकरून चावली, लखलखीत ओरखडा उठला.

"बघा! मी पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते. हे तर लोणी आहे, ठिणगी पडणार कुठून? हे माझ्या भट्टीत कधी आलंच नाही. आणि ठसा कुणी घासला नाही, तुम्ही मारलाच नव्हता."

बिनठशाचे, बिनपाण्याचे भाग एकाच जागी असत: त्याच्या बाकाखालच्या नापास मालाच्या पेटीत. दुकानाला कुलूप. एक किल्ली त्याच्या खिशात, दुसरी त्याच्या धाकट्या भावाकडे, इलेरकडे. इलेर त्याच्याच घरी राही, दुकान झाडी, रविवारी बटाट्याच्या किसाच्या रापे तळी. साऱ्या गावात एका त्यालाच क्लोतेरने कधी "कशाला हवंय" विचारलं नव्हतं.

क्लोतेरचा चेहरा उतरला. डॉक्टरला म्हणाला, "झाकण माझ्या हातचं आहे, नवं आहे. विकणाऱ्याला माझं नाव सांगा." आणि घरी गेला. भांडणाचा आवाज काही आला नाही. मला त्याचीच भीती वाटली.

संध्याकाळी आला. "इलेर मला म्हणतो, 'तू तर ते भाग फेकूनच देत होतास, मी विकले.'" दोन्ही किल्ल्या माझ्या बाकावर ठेवल्या. "तुझ्याकडे राहू देत." माफीचा शब्द नाही.

सकाळी पाववाल्याकडे रांग लागलेली असतानाच तो किल्ली मागायला आला. माझा राग गेला नव्हता.

"कशाला हवीय?"

त्याने टोपी काढली, रांगेकडे तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काल मी नोएमीवर खोटा आळ घेतला. चोर माझ्याच घरात होता." मग माझ्याकडे वळून हळूच, "आता देतेस?"